उझी म्हणजे नेमकी कोणती माशी? पाठीवरचे पट्टे मोजून कळत नाही

जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, जिकडं बघावं तिकडं रेशमासाठी तुती लागली, रेशीम आळ्यांचे शेड उभे राहिले, आणि शेडच्या मागोमाग एक नाव पण गावागावात पोचलं, उझी. आळीच्या अंगावर काळा डाग दिसला की माणूस म्हणतो लागली उझी, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण उझी म्हणजे कोणती माशी असं विचारलं की "माशीच हाय ना, घरातल्या माशीपेक्षा जरा मोठी", इथंच गाडी थांबते. कोणी म्हणेल नाव कळून करायचं काय, मारायची आहे ना? तर तेच सांगायला हे लिहू लागलोय. उझी नावानं ओळखली जाणारी माशी एक नाही. त्या वेगवेगळ्या जीनसच्या (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहेत, आणि त्यातल्या एकीला शेडची जाळी अडवते, दुसरीला जाळी काहीच करू शकत नाही.

आपल्याकडं तुतीच्या रेशीम आळीला जी लागते ती एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. बंगालमधल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन १८८० साली लुई नावाच्या माणसानं केलं, म्हणजे माशी जुनीच आहे, पण शंभर वर्षं ती तिकडं पूर्वेकडंच होती. १९८० मध्ये ती कर्नाटकात सापडली, कोषांच्या वाहतुकीबरोबर आली असं मानतात, आणि मग दक्षिणेतला सगळा रेशीमपट्टा तिनं धरला. हिची मादी सरळ आळीच्या कातडीवर अंडं चिकटवते, एका आळीवर एक किंवा दोन. अंडं पांढरट, मिलिमीटरपेक्षाही लहान, पण नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यानं दिसतं. दोन-तीन दिवसांत त्यातून आळी (म्हणजे माशीची आळी, इथून पुढं तिला मॅगट म्हणतो नाहीतर घोळ होईल) निघते आणि खालची कातडी भोकसून आत घुसते. घुसल्यावर ती बाहेरचं भोक बुजू देत नाही, तिला श्वास घ्यायचा असतो. रेशीम आळीचं शरीर तिला परकी वस्तू समजून भोवती पेशींचं आवरण घालायला जातं आणि ही बाई त्याच आवरणाची श्वासाची नळी करून टाकते. बाहेरून आपल्याला दिसतो तो काळा डाग म्हणजे त्या नळीचं तोंड. लय हुशार काम आहे.

आत पाच ते आठ दिवस खाऊन ती बाहेर पडते. आता हिशोब लावा. रेशीम आळी कात टाकत पाच अवस्थांतून वाढते. अंडं चौथ्या अवस्थेत पडलं तर ती कोष करायच्या आधीच मरते. पाचव्या अवस्थेच्या शेवटाला पडलं तर आळी चंद्रिकेवर (कोष करायला ठेवलेल्या जाळीवर) चढते, कोष पण करते, आणि मग मॅगट कोषाला भोक पाडून बाहेर येतो, आणि भोक पडलेला कोष रीलिंगला (धागा उकलायला) चालत नाही कामून की धागा जागोजागी तुटतो. मार्केटला नेलेल्या पोत्यातनं मॅगट खाली पडताना ज्यांनी बघितलेत त्यांना हे सांगायची गरज नाही. खाली पडला की तो फटीत, मातीत शिरतो, तपकिरी कोशात जातो आणि दहा-बारा दिवसांनी नवी माशी.

म्हणजे या माशीला आळीपर्यंत यावंच लागतं. शेडला बारीक जाळी, दाराला डबल पडदा, खालच्या फटी बुजवलेल्या, एवढं केलं की निम्मं काम झालं.

आता जपान. तिथं पण रेशीम आळीची माशी आहे, तिला पण उझीच म्हणतात, किंबहुना नाव तिकडूनच आलंय. पण ती ब्लेफॅरिपा सेरिकॅरी, जीनसच वेगळा. सासाकी नावाच्या जपानी संशोधकानं १८८६ मध्ये तिची सगळी जीवनकहाणी छापली, आणि ती वाचली की माणूस थक्क होतो. ही मादी आळीकडं फिरकतच नाही. ती तुतीच्या पानावर अगदी बारीक, कडक कवचाची अंडी घालते, शेकडोंनी. पान आळी खाते, अंडं पोटात जातं, तिथं फुटतं, मॅगट आतड्यातून निघून चक्क नसांच्या गाठीत जाऊन बसतो आणि मोठा झाला की तिथून निघून आळीच्या श्वासछिद्रापाशी ठाण मांडतो. आता या माशीसमोर तुम्ही शेडला कितीही भारी जाळी लावा, अंडी तर तुम्ही स्वतःच फांदीबरोबर आत घेऊन जाऊ लागलात. तिथं पान कुठल्या बागेतलं हे बघावं लागतं.

टसरवाल्यांची (टसर म्हणजे रानातल्या झाडांवरच्या आळीचं रेशीम) उझी आणखी वेगळी, ब्लेफॅरिपा झेबिना, ती ब्लेफॅरिपाचीच. आपल्या भागात टसर नाही, ते गडचिरोली-भंडाऱ्याकडं, तरी कोणी तिकडचं औषध-उपाय व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली "उझीवर रामबाण" लिहिलं तर आधी विचारा, कोणती उझी.

तर जीनस कळला की अंडं कुठं पडतं ते कळतं, आणि ते कळलं की अडवायची कुठं ते कळतं. जीनस ओळखायला माशीच्या अंगावरचे केस मोजत बसणारी माणसं रिकामटेकडी नसतात, त्यांचं सगळं काम इथं येऊन लागू पडतं.

आता ओळखायची कशी. आधी कुळ. या सगळ्या माश्या टॅकिनिडी नावाच्या कुळातल्या. जगभरात साडेआठ हजारांच्या आसपास जाती आणि सुमारे दीड हजार जीनस, दरवर्षी भर पडतेच. कुळातल्या झाडून सगळ्या दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढतात आणि शेवटी बहुतेक वेळा त्याला मारतात, म्हणून नुसतं परजीवी न म्हणता पॅरासिटॉइड म्हणतात. उवा-गोचीड तसं करत नाहीत, यजमान मेला तर त्यांचंच नुकसान.

बहुतेक पोस्टरवर लिहिलेलं असतं की उझी माशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. खरं आहे. पण घरमाशीच्या पाठीवर पण चार पट्टे असतात! आणि मेलेल्या आळ्यांवर घोंघावणारी मांसमाशी असते तिला तीन, पण उडत्या माशीचे तीन का चार हे मोजायला बसलं तर दिवस जाईल. पट्ट्यांवर भरवसा ठेवणाऱ्यानं अर्ध्या घरमाश्या उझी म्हणून मारल्या असणार.

मग बघायचं काय? दहापट दाखवणारं साधं भिंग घ्या, किंवा मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स. माशी मारून आडवी धरा. पाठीच्या शेवटाला एक त्रिकोणी तुकडा असतो, त्याला स्क्युटेलम म्हणतात. त्याच्या बरोबर खाली, पोट सुरू व्हायच्या आधी, एक फुगीर उंचवटा दिसला पाहिजे, जणू दुसरा छोटा तुकडा खाली दडलाय. हा सबस्क्युटेलम. टॅकिनिडीत तो ठसठशीत असतो, घरमाशीत आणि मांसमाशीत नसतो. दुसरं, छातीच्या बाजूला मागच्या पायाच्या वर राठ केसांची उभी ओळ असते. ती घरमाशीला नाही, पण मांसमाशीला आणि निळ्या-हिरव्या चमकणाऱ्या माशीला आहे, त्यामुळं एकट्या या खुणेवर निकाल लावू नका. तिसरं, तोंडापुढच्या मिशीवरचा केस. घरमाशीचा दोन्ही बाजूंनी झुपकेदार, टॅकिनिडीत बहुतेकांचा साधा, गुळगुळीत. चौथं म्हणजे एकूण अवतार, पोटावर मागच्या बाजूला राठ काटेरी केस उभे राहिलेले. चारही जुळलं तर टॅकिनिडी, मग पुढं.

एक सावधगिरी इथंच. मेलेली, सडलेली आळी बाटलीत ठेवली आणि त्यातून माशी निघाली म्हणजे ती माशी आळीला मारणारी असं नाही. सडक्या आळीवर बारीक कुबड्या माश्या येतात, फोरिडी कुळातल्या, मांसमाश्या येतात, त्या मेल्यावर जेवायला आलेल्या असतात. जिवंत आळी वेगळी ठेवून त्यातून जे निघेल तेवढंच पुराव्याला धरायचं.

खरी डोकेदुखी जीनसला सुरू होते. कामून की इथं माश्या बघायला एकसारख्या करड्या-काळ्या, आणि फरक सगळा केसात. कुठले केस? डोळ्यावरचे, कपाळावरचे, तोंडाच्या कडेचे, पाठीवर शिवणीच्या मागं किती जोड्या, तीन का चार, पोटाच्या प्रत्येक कड्यावर मध्ये आहेत का फक्त कडेला, नडगीवर कसे लावलेत. या केसांचे नकाशे काढायचं एक वेगळं शास्त्रच आहे, आणि ते कंटाळवाणं वाटलं तरी काम करतं, कामून की हे मोठे केस उगाच कुठंही उगवत नाहीत, प्रत्येकाची जागा ठरलेली असते, केस गळून पडला तरी त्याची खोबण राहते आणि ती मोजता येते.

उदाहरणाला तीन नावं घेऊ. एक्झोरिस्टा, कार्सेलिया, विन्थेमिया. एक्झोरिस्टाचे डोळे बहुतेक बोडके. कार्सेलियाचे डोळे केसाळ, आणि डोळा एवढा मोठा की गालाला जागाच उरत नाही. म्हणजे या दोघी वेगळ्या करणं जमण्यासारखं आहे. पण विन्थेमियाचे डोळे पण केसाळ! आणि मागच्या नडगीवर एका बाजूला एकसारख्या उंचीच्या केसांची दाट रांग, ती विन्थेमियाला आहे तशी बऱ्याच कार्सेलियांना पण आहे. नुसतं एवढं बघणारा दोघींना एका टोपलीत टाकणार. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या शाखेतल्या आहेत, वरवरचं साम्य आपापल्या वाटेनं आलेलं.

हे कशावरून ठरलं? अंड्यावरून. विन्थेमिया मोठं, पांढरं, वरून कडक अंडं आळीच्या कातडीवर घट्ट चिकटवते आणि ते नंतर फुटतं, जवळपास एक्झोरिस्टासारखंच. कार्सेलियाचं अंडं पातळ कवचाचं, आत मॅगट आधीच तयार, घातलं की थोड्याच वेळात फुटणार, आणि काही जातींत तर त्याला देठ असतो, त्या देठानं ते आळीच्या अंगावरच्या केसाला अडकवून देते, म्हणून केसाळ आळ्यांना ही माशी जास्त लागते. आणि तिसरा प्रकार वर आलाच, ब्लेफॅरिपाचं पानावरचं बारीक अंडं. जर्मनीचे बेनो हर्टिंग यांनी १९५७ आणि १९६० मध्ये या माश्यांच्या माद्यांच्या पोटाचं टोक, अंडी आणि पहिल्या अवस्थेचे मॅगट यावर जे काम केलं त्यानंतर वर्गीकरणात अंड्याला मान मिळाला. माझं मत विचाराल तर सुरुवात करणाऱ्यानं केसांच्या आधी अंडीच शिकावीत. मादीचं पोट हळूच दाबलं किंवा उघडलं तरी अंडी मोठी-मोजकी आहेत का बारीक-असंख्य हे लगेच कळतं.

नरमादीचा पण घोळ आहे. बहुतेक टॅकिनिडी माद्यांच्या कपाळाला डोळ्यांच्या कडेनं पुढं झुकलेले काही जादा केस असतात, नराला नसतात, नराची नखं बऱ्याचदा लांब आणि दोन डोळ्यांमधलं अंतर कमी. हे माहीत नसलं की एकाच जातीचे नवरा-बायको वेगवेगळ्या नावानं कपाटात जातात, आणि जुन्या काळात तसं झालंय पण.

नावांचा इतिहास मजेशीर आहे, थोडा सांगतो. १८३० साली फ्रान्समधल्या रोबिनो-देव्हॉयदी नावाच्या डॉक्टरनं या माश्यांचे ढिगानं जीनस पाडले, कार्सेलिया, विन्थेमिया, स्टर्मिया ही त्याचीच. त्याच्यावर कडी केली अमेरिकेच्या चार्ल्स टाउनसेंडनं. भावाभावात वाटण्या होऊन एका सातबाऱ्याचे दहा व्हावेत तसं त्यानं एकेका जीनसचं केलं, दोन केसांचा फरक दिसला की नवा जीनस, कित्येकांत एकच जात. हाच तो टाउनसेंड ज्यानं हरणाची बॉट माशी ताशी ८१८ मैल वेगानं उडते असं ठोकून दिलं होतं, आणि नोबेल मिळवलेल्या अर्विंग लँगम्यूरनं १९३८ मध्ये गणित मांडून दाखवलं की एवढ्या वेगाला हवेच्या दाबानंच माशी चिरडेल, खरा वेग ताशी २५ मैलांच्या आसपास असेल. माशीच्या वेगाचं जाऊ द्या, पण त्याचे जीनस निस्तरायला पुढच्या पिढ्या लागल्या. आशियातल्या जातींची घडी बसवली ती इंग्लंडच्या रॉजर क्रॉस्कीनं, त्याची १९७६ ची यादी आजही उघडावी लागते. टाउनसेंडनं पाडलेला पॅलेक्झोरिस्टा हा जीनस क्रॉस्कीनं वेगळा ठेवला होता, आता तो बऱ्याच ठिकाणी ड्रिनो या जीनसच्या पोटात घातलेला दिसतो. माशी तीच.

जपानी उझीचंच बघा. उगिमिया, स्टर्मिया, क्रॉसोकॉस्मिया, ब्लेफॅरिपा, इतक्या जीनसच्या नावांखाली ती एकच माशी नांदली. आपली उझी पण जुन्या पेपरात (म्हणजे शोधनिबंधात) ट्रायकोलायगा म्हणून सापडते, आणि कितीतरी ठिकाणी तिला एक्झोरिस्टा सॉर्बिलान्स लिहिलंय, जी तिची जवळची पण वेगळी जात. म्हणून जुना पेपर हातात आला तर नावावर विश्वास टाकायच्या आधी माशी कुठल्या आळीतून आली आणि अंडं कुठं घातलं ते वाचावं. ते वाक्य नावापेक्षा जास्त टिकतं.

मग डीएनए आहे ना, असं कोणी म्हणणारच. आहे. माशीचा एक पाय पुरतो, त्यातून एका जनुकाची साडेसहाशेच्या आसपास अक्षरं वाचायची आणि जुळवायची, याला बारकोडिंग म्हणतात. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्टे भागात बेल्व्होसिया नावाच्या टॅकिनिडी जीनसवर हे केलं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रूपावरून तिथं २० जाती दिसत होत्या, त्यातल्या १७ ठराविक आळ्यांवरच जगणाऱ्या आणि तीन काहीही चालणाऱ्या. डीएनएनं १७ जशाच्या तशा पास केल्या, पण त्या "काहीही चालणाऱ्या" तिघींचे तुकडे पडले आणि एकूण आकडा ३२ वर गेला. म्हणजे एकच सर्वभक्षी माशी वाटत होती ती खरं तर दिसायला सारख्या आणि खायला वेगळ्या अशा बऱ्याच जणी होत्या. पण बारकोडला जुळवायला आधी कोणीतरी केस मोजून नाव लावलेला नमुना लागतो. तो नसेल तर मशीन नुसती अक्षरं देतं.

हे सगळं फक्त रेशीमवाल्यांसाठी नाही. याच कुळातल्या माश्या आपल्या तुरीत, सोयाबीनमध्ये फुकट मजुरी करू लागल्यात. तुरीवरच्या घाटे अळीतून कार्सेलिया इलोटा, गोनिऑफ्थॅल्मस हॅली आणि ड्रिनोपैकी एक अशा माश्या निघतात, हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत याच्या नोंदी झाल्यात. सोयाबीनवरच्या तंबाखूच्या अळीतून पेरिबिया ऑर्बाटा ही छोटी माशी निघते. घाटे अळीच्या मानेमागं पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती अळी मेल्यात जमा आहे, तिच्यावर फवारा कशाला? मात्र शेंगेच्या आत दाण्याला चिकटून तपकिरी बारीक कोश सापडला तर तो बहुतेक शेंगमाशीचा, ती दाणा खाणारी, टॅकिनिडीचा आणि तिचा संबंध नाही, तिथं दयामाया नको.

आणि गंमत अशी की उझीच्या कोशावर सोडतात ती नेसोलिंक्स थायमस नावाची बारीक गांधीलमाशीसारखी कीटक या जीनसच्या भानगडीत पडत नाही. तिला माशीचा कोश सापडला की बास. उझीच्या कोशासोबत दुसऱ्या माश्यांच्या कोशांवर पण ती अंडी घालते, म्हणून ती शेडच्या आत, खाली, जिथं मॅगट शिरतात तिथंच ठेवायची, उघड्यावर नाही.

शेवटचं, नमुना कसा द्यायचा, कामून की कृषी विद्यापीठात किंवा रेशीम कार्यालयात लोक चिरडलेली माशी कागदात गुंडाळून नेतात आणि मग म्हणतात यांना ओळखता येत नाही. डाग पडलेली जिवंत आळी वेगळ्या डब्यात ठेवा, खाली थोडी ओलसर वाळू, वर जाळीदार कापड. मॅगट वाळूत जाईल, दहा-बारा दिवस थांबा. माशी निघाली की लगेच मारू नका, एक दिवस जाऊ द्या, अंग कडक होतं, केस आणि रंग बसतात. मग फ्रीजरमध्ये ठेवा. टाचणी छातीच्या मध्यावर कधीच टोचायची नाही, उजवीकडं थोडी सरकवून टोचायची, म्हणजे एका बाजूच्या केसांची रांग तरी मोजायला शाबूत राहते. दुसरी माशी असेल तर ती ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी. पण पहिली कोरडीच ठेवा, अल्कोहोलमध्ये केस चिकटून बसतात. रिकामा कोश फेकून देऊ नका, तो त्याच टाचणीखाली छोट्या डबीत लावा, त्याच्या मागच्या टोकावरची श्वासछिद्रं पण ओळखीला लागतात. आणि चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, कोणत्या आळीतून निघाली, आळी कोणत्या झाडावर होती, आणि आळीवर अंडं दिसलं होतं का नाही, दिसलं तर अंगावर नेमकं कुठं.